सोसायटीच्या अभ्यासिकेत वायफाय लावायचंय, कमिटी म्हणते देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे

पूर्वेचा_पिंपळ
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला, ४२ बिऱ्हाडांची. मी सेक्रेटरी. तळमजल्यावर मीटर रूमला लागून एक खोली अडगळीची होती, ती गेल्या वर्षी साफ करून, रंग देऊन अभ्यासिका केली. आठ खुर्च्या, दोन टेबलं, एक फळा. आमची मुलं येतात, समोरच्या चाळीतलीही येतात.

चाळीतली तीनचार मुलं संध्याकाळी अभ्यासिकेत न बसता जिन्याच्या पाचव्या-सहाव्या पायरीवर बसलेली दिसायची. विचारलं तर कळलं, पहिल्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी वायफायची एक कांडी तिथे मिळते आणि पासवर्ड त्या घरातल्या मुलाने दिलाय. मी कमिटीत विषय काढला की सोसायटीचं एक कनेक्शन अभ्यासिकेत घेऊ. खजिनदारांनी साफ नकार दिला. म्हणाले, "बाहेरच्या मुलांना नेट दिलं आणि कुणी काही उद्योग केला, तर पोलीस सेक्रेटरीच्या दारात येतील. सानपाड्याचं विसरलात?"

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कायदा नक्की काय सांगतो? आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतं? माझं मत सांगून टाकतो. सुरक्षेच्या नावाने कुलूप लागतं तेव्हा ज्याच्या घरी स्वतःचं कनेक्शन आहे त्याला काहीच फरक पडत नाही. जिन्यावरचा मुलगा तेवढा बाहेर राहतो.

नंदू७४
खजिनदारांचं बरोबर आहे. उगाच झंझट कशाला? आजकाल दीड-दोन जीबी रोज मिळतंच की सगळ्यांना.

सानपाड्याचा
सानपाड्याचं मी सांगतो, तेव्हा तिथेच राहत होतो.

२६ जुलै २००८, शनिवार. संध्याकाळी अहमदाबादला स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी टीव्ही चॅनलांना इंडियन मुजाहिदीनच्या नावाने ईमेल गेला होता. आयपी अ‍ॅड्रेसवरून (नेट कनेक्शनचा पत्ता) तपास नवी मुंबईत, सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या घरापर्यंत आला. त्याचे कॉम्प्युटर तपासले, चौकशी झाली. निघालं काय, तर त्याचं वायफाय उघडं होतं आणि कुणीतरी ते वापरून ईमेल धाडला होता. त्या माणसाचा काडीचा संबंध नव्हता.

आमच्या बिल्डिंगमध्ये त्या आठवड्यात काय झालं ते लख्ख आठवतं. रात्री अकराला पॅसेजमध्ये आम्ही पाचसहा जण लॅपटॉप उघडून उभे. यादीत नऊ नेटवर्क दिसत होती, सहांना कुलूप नाही. सगळ्यांची नावं कंपनीने दिलेली तशीच, त्यामुळे कोणतं कुणाचं तेही कळेना. त्यातलं एक माझं. माझा राउटर चपलांच्या कपाटावर असायचा. बसवायला आलेला केबलवाला पोरगा म्हणाला होता, "पासवर्ड नको काका, तुम्ही रोज विसराल आणि मला रोज फोन कराल." मी मान डोलावली होती. त्या रात्री त्यालाच फोन करून झोपेतून उठवला आणि फोनवर विचारत विचारत पासवर्ड लावला.

पुढे महिन्याभरात, २३ ऑगस्टला, तसाच ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले तेव्हाचा चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. दीड महिन्यात तीन वेळा आणि तिन्ही वेळा आपल्याच भागात. तेव्हा भीती खोटी नव्हती, हे धागाकर्त्यांनीही मान्य करावं.

पूर्वेचा_पिंपळ
@सानपाड्याचा, मान्य. मनापासून मान्य.

वायर_आणि_वीज
नेटवर्किंगमध्ये वीस वर्षं आहे, थोडं खुलासेवार लिहितो.

घरात दहा जण वायफाय वापरत असले तरी बाहेरच्या जगाला एकच आयपी अ‍ॅड्रेस दिसतो, तो तुमच्या कनेक्शनचा. आतली वाटणी राउटर करतो. म्हणजे ईमेल कुठून आला याचा माग लावत पोलीस दारापर्यंत पोचतात, आत कुणी काय केलं ते राउटरने नोंद ठेवली असली तरच कळतं. घरगुती राउटर ती फार वेळ ठेवत नाहीत, बंद करून चालू केला की बहुतेकदा पुसली जाते. सानपाड्याच्या माणसाची कोंडी झाली ती यामुळे.

दुसरं, तेव्हा ज्यांनी कुलूप लावलं होतं त्यांचंही बरेचदा वेप पद्धतीचं होतं. ती पद्धत २००१ मध्येच फोडली गेली होती. फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेऊन बसलं की काही मिनिटांत पासवर्ड हातात. त्याहून भक्कम कुलूप, डब्ल्यूपीए-टू, २००४ पासून उपलब्ध होतं, पण राउटर बसवणारा पोरगा जे पहिलं दिसेल ते निवडायचा.

जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन रस्त्यांवर फिरून उघडी वायफाय शोधायची मोहीम जाहीर केली. सापडलं की मालकाला कुलूप लावायची नोटीस. मला तो उपाय तेव्हाही पटला होता, आजही पटतो. नेमका जिथे रोग तिथेच औषध. नंतर जे ओळखपत्रांचं आणि झेरॉक्सचं सुरू झालं ते मात्र वेगळं प्रकरण आहे.

नंदू७४
म्हणजे आता पोरांकडून आधारच्या झेरॉक्स गोळा करायच्या?

वकिलीणबाई_ठाणे
नाही, नंदूदादा. कायद्याचं मी लिहिते.

दूरसंचार विभागाने २३ फेब्रुवारी २००९ ला इंटरनेट कंपन्यांना वायफायबद्दल सूचना काढल्या. वायफाय उघडं ठेवायचं नाही, वापरणाऱ्याची ओळख पटवूनच आत घ्यायचं, नोंद वर्षभर ठेवायची. सार्वजनिक ठिकाणी दोन पर्याय दिले होते. एक म्हणजे फोटो असलेल्या ओळखपत्राची प्रत घेऊन वर्षभर जपणं. दुसरा म्हणजे मोबाइलवर एसएमएसने लॉगिनचा आकडा पाठवणं आणि तो मोबाइल नंबर वर्षभर ठेवणं. आधारच हवं असं कुठेही नाही. हल्ली सगळीकडे ओटीपी येतो तो या दुसऱ्या पर्यायातून.

शिवाय मुलांची माहिती घेताना पालकांची संमती हवी, हे २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आहे. त्यामुळे पिंपळदादा, कृपा करून चाळीतल्या मुलांच्या आधारच्या झेरॉक्सची फाइल सोसायटीच्या कपाटात ठेवू नका. ज्या दिवशी ती फाइल हरवेल त्या दिवशी खरी जबाबदारी तुमच्यावर येईल.

आणि खजिनदारांना सांगा, कुणी तुमच्या नेटवर्कवरून गुन्हा केला म्हणून तुम्ही आपोआप आरोपी होत नाही. चौकशीला उत्तर द्यावं लागतं, कागद दाखवावे लागतात. ते सोपं नाही, पण त्याला अटक म्हणत नाहीत.

कॅफेवाला_दादर
झेरॉक्सचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझा दादर पश्चिमेला सायबर कॅफे होता, सात मशीन. २०१४ ला बंद केला.

२०११ मध्ये सायबर कॅफेसाठी केंद्राचे नियम आले. येणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र बघा, वहीत नाव-पत्ता-वेळ लिहा, वही वर्षभर ठेवा. दोन मशीनमधला आडोसा साडेचार फुटांच्या वर नको. अठराच्या आतल्या मुलाकडे फोटोचं ओळखपत्र नसेल तर सोबत मोठं माणूस हवं. मी सगळं पाळलं. सुताराला बोलावून पार्टिशनची डोकी कापून घेतली, त्या प्लायच्या कडा शेवटपर्यंत खरखरीत राहिल्या.

प्रवेश अर्जांच्या दिवसांत दारात रांग लागायची. एक मुलगा आला, दहावीचा निकाल नुकताच लागलेला. कोळीवाड्यातला. वडील बोटीवर, आई मासळी घेऊन बाजारात. शाळेने ओळखपत्र परत घेतलेलं. अर्जाची शेवटची तारीख दोन दिवसांवर. मी नियम पाळायचा म्हणून त्याला परत पाठवला. तो काही बोलला नाही, फक्त विचारलं, "संध्याकाळी आई येईल, तुम्ही किती वाजेपर्यंत आहात?" त्या दिवशी मी साडेदहापर्यंत दुकान उघडं ठेवलं. आई-मुलगा पावणेदहाला आले. आईच्या हाताला मासळीचा वास, पदराला पुसून तिने रेशन कार्ड पुढे केलं. त्यावर फोटो धुरकट, कुणाचा आहे ते दिसेना. मी तरी अर्ज भरून दिला.

ज्याला काही वाईट करायचं असेल तो खोटं कार्ड घेऊन येतो. मला कसं कळणार खरं-खोटं? माझ्या पूर्ण काळात त्या वह्या तपासाला म्हणून कुणी मागितल्या नाहीत. फक्त ठेवल्यात ना, एवढंच बघून जायचे.

अबोली
कॅफेवाले काका, तुमच्यासारखे जपून ठेवणारे सगळे नव्हते हो.

मी कॉलेजला असताना आमच्या भागात एक कॅफे होता. वही काउंटरवर उघडी पडलेली असायची. नाव, पत्ता, मोबाइल, सही. दुसऱ्या आठवड्यात मला फोन सुरू झाले, रात्री बारा, एक, दोन. नाव घेऊन बोलायचा, बिल्डिंगचं नाव सांगायचा. मी चार महिन्यांत नंबर बदलला. बाबांना खरं कारण सांगितलं नाही, कारण मग माझं बाहेर जाणंच बंद झालं असतं.

त्या वहीने देश किती सुरक्षित झाला मला माहीत नाही. मी असुरक्षित झाले हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून कुणी "लिहून ठेवा, त्यात काय" म्हणालं की मला राग येतो.

चष्मिस
अबोलीताई +१. वाचून अंगावर काटा आला.

दोन_नंबर_फलाट
हा धागा दोन दिवस वाचतोय, लिहू की नको करत होतो.

११ जुलै २००६. सात स्फोट, अकरा मिनिटं, सगळे पश्चिम रेल्वेच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत. माझा मावसभाऊ माहीमच्या स्फोटात गेला. त्याचा डबा (जेवणाचा) आम्हाला परत मिळाला, झाकण चेपलेलं, आत अर्धी पोळी. मावशीने तो आजवर घासलेला नाही.

त्यामुळे "सुरक्षेच्या नावाखाली" हे शब्द कुणी सहज वापरले की मला लागतं. काही लोकांसाठी ते नाव नसतं, घरातला माणूस असतो. पासवर्ड लावा, ओटीपी मागा, नोंद ठेवा. एवढ्याने एक जरी धागा पोलिसांना मिळणार असेल तर मला ते हवं आहे.

पण अबोलीताई आणि काकांचं वाचल्यावर आणखी एक लिहावंसं वाटतं. २१ जुलै २०२५ ला हायकोर्टाने आमच्या खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. तीन दिवसांनी सुप्रीम कोर्टाने, तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही, एवढ्यापुरती त्याला स्थगिती दिली. एकोणीस वर्षं होऊन गेली तरी मावशीला कुणी ठामपणे सांगू शकत नाही की तिच्या मुलाला कुणी मारलं. आम्हाला हवा होता तो नीट तपास. शहरातल्या प्रत्येकाची झेरॉक्स आम्ही कधी मागितली नव्हती.

सानपाड्याचा
@दोन_नंबर_फलाट, दादा, लिहिलंत ते बरं केलंत.

गौरी_विलेपार्ले
मला थोडं पुढचं सांगायचंय, कारण कुलूप एकदा हातात आलं की ते कुठवर जातं हे मी जवळून पाहिलंय.

आमच्या ऑफिसात श्रीनगरची एक मुलगी आहे. ५ ऑगस्ट २०१९ पासून तिच्या घरी फोन आणि नेट दोन्ही बंद. १० जानेवारी २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बेमुदत बंदी चालणार नाही, आदेश प्रसिद्ध करावे लागतील, त्यांचा ठरावीक काळाने आढावा घ्यावा लागेल. त्यानंतर हळूहळू सुरू झालं, तेही टू-जी. ब्रॉडबँड मिळालं तर मॅक बाइंडिंगच्या अटीवर. म्हणजे कनेक्शन एका ठरावीक मशीनला बांधलेलं, बाकीच्यांना घरातल्या घरात वायफाय नाही. तिच्या भावाचा कॉम्प्युटर हॉलमध्ये होता, लॉकडाउनमध्ये तीन भावंडांची शाळा त्या एका मशीनवर, पाळी लावून. फोर-जी परत आलं ५ फेब्रुवारी २०२१ ला. मोजा, अठरा महिने.

ती सांगते, धाकटी टू-जीवर शिक्षकांचा व्हिडिओ उघडायला लावायची आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासून यायची, तोवर अर्धा उतरलेला असायचा.

नंदू७४
गौरीताई, काश्मीरची परिस्थिती वेगळी आहे. तिथे जवान मरतात. धागा मुलुंडच्या अभ्यासिकेचा आहे.

गौरी_विलेपार्ले
नंदूदादा, जवानांबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे, माझे काका सैन्यात होते. माझं म्हणणं वेगळं आहे. पासवर्ड लावा म्हणणं आणि नेटच बंद करणं, दोन्हींना आपण "सुरक्षा" हा एकच शब्द वापरतो. त्यामुळे पहिल्याला हो म्हणताना दुसऱ्यालाही हो म्हटलं जातं.

मीठागर
बंदी काश्मीरपुरती राहिलेली नाही नंदूशेठ. जून २०२३ ला कोल्हापुरात मोबाइल नेट बंद केलं होतं. बहीण मेडिकलच्या दुकानात उभी, सासऱ्यांचं इन्सुलिन काउंटरवर, आणि पैसे जाईनात. पाकिटात रोख ऐंशी रुपये. दुकानदार ओळखीचा म्हणून त्याने वहीवर लिहून दिलं. ओळखीचा नसता तर?

नंदू७४
हे मात्र मला माहीत नव्हतं. माझी मुलगी कोल्हापूरलाच शिकते, तेव्हा दोन दिवस व्हिडिओ कॉल लागला नव्हता. मला वाटलं रेंज नसेल.

एमपीएससी_अजून
विषयांतर करतो, पण चांगलं विषयांतर आहे.

जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला रेलटेल (रेल्वेची कंपनी) आणि गुगलचं फुकट वायफाय सुरू झालं, देशातलं पहिलं स्टेशन. मी तेव्हा ग्रँट रोडला मामाकडे राहायचो, एका खोलीत सात माणसं. रात्री साडेनऊला जेवण झालं की प्लॅटफॉर्म तिकीट काढून स्टेशनवर. मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी यायचा, झालं. रात्रीच्या गाड्या गेल्यावर गर्दी ओसरायची, मग बाकावर मांडी घालून जुने पेपर उतरवून घ्यायचे. एक आरपीएफचा जवान रोज विचारायचा, "कितना हुआ?" मी म्हणायचो, "इतिहास चालू है." महिनाभर इतिहासच चालू होता.

सांगायचा मुद्दा हा की सरकारी स्टेशनवर, रोज हजारो अनोळखी माणसं येतात तिथे, ओटीपीवर काम भागलं. आठ खुर्च्यांच्या अभ्यासिकेला त्याहून जास्त काय लागणार?

कॅफेवाला_दादर
पास झालास की नाही ते सांग आधी.

एमपीएससी_अजून
काका, तिसऱ्या प्रयत्नात झालो, सध्या रत्नागिरीला पोस्टिंग आहे. इथलं टोपणनाव बदलायचं राहिलंय.

चष्मिस
अभिनंदन! त्या जवानाला जाऊन सांगा इतिहास संपला म्हणून.

वायर_आणि_वीज
मूळ प्रश्नाकडे येतो. पिंपळदादा, करता येण्यासारखं सांगतो.

पीएम-वाणी नावाची योजना आहे, डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली. त्यात चहावाला, किराणावाला, वाचनालय, कुणीही सार्वजनिक वायफाय देऊ शकतो. देणाऱ्याला परवाना लागत नाही, नोंदणी नाही, शुल्क नाही. जुन्या काळच्या पीसीओसारखंच, फक्त फोनऐवजी नेटचं. मागे एक अ‍ॅग्रिगेटर कंपनी असते, ती सरकारकडे नोंदलेली. वापरणारा अ‍ॅपमधून ओटीपीने आत येतो, ओळख पटवणं आणि नोंद ठेवणं ही डोकेदुखी त्या कंपनीची. तुमच्या कपाटात ना वही ना झेरॉक्स.

आधी अडचण अशी होती की इंटरनेट कंपन्या अशा ठिकाणी महाग लीज लाइनच (कंपन्या घेतात ती स्वतंत्र लाइन) घ्या म्हणायच्या. जून २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ठरवून दिलं की २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती प्लॅन अशा केंद्रांना जास्तीत जास्त दुप्पट दराने द्यायचे. म्हणजे हजारचा प्लॅन असेल तर फार तर दोन हजार.

कमिटीला हेही जड वाटलं तर वेगळं कनेक्शन घ्या आणि मुलांना एकच पासवर्ड वाटण्याऐवजी ओटीपीवाला हॉटस्पॉट बसवा. लहान मुलांचा ओटीपी आईबाबांच्या मोबाइलवर जाऊ द्या. राउटरचा मूळ अ‍ॅडमिन पासवर्ड मात्र पहिल्याच दिवशी बदला, भल्याभल्यांचा तो बॉक्सवर छापलेला तसाच असतो.

वकिलीणबाई_ठाणे
आणि हा निर्णय सर्वसाधारण सभेत मांडून इतिवृत्तात लिहा. कनेक्शन सोसायटीच्या नावावर, सेक्रेटरीच्या नाही. खजिनदारांची निम्मी काळजी तिथेच मिटेल.

दोन_नंबर_फलाट
हे मला पटलं. पैसे कमी पडले तर सांगा, माझ्याकडून पहिल्या वर्षाचे दोन महिने.

नंदू७४
माझेही एक महिन्याचे. आधी लिहिलेलं मागे घेतो असं नाही, पण जिन्यावर बसून शिकावं लागू नये कुणाला.

पूर्वेचा_पिंपळ
तीन आठवड्यांनी परत येतोय, उशिराबद्दल माफ करा.

रविवारी सभा झाली. मी या धाग्यातली वकिलीणबाईंची आणि वायरदादांची उत्तरं छापून नेली होती. अबोलीताई, तुमचं नाव न घेता तुमचा अनुभवही वाचून दाखवला, चालेल ना? वाचताना खोलीत कुणी बोललं नाही. चौथ्या मजल्यावरच्या एक आजी म्हणाल्या, "वही अजिबात नको."

पीएम-वाणीचं ठरलं. २६ हो, ९ नाही, बाकी आले नव्हते. खजिनदारांनी विरोधात मत दिलं आणि इतिवृत्तात कारणही लिहायला लावलं, तो त्यांचा हक्क आहे. पण काल संध्याकाळी राउटर आला तेव्हा ड्रिल मशीन घेऊन खाली तेच आले, म्हणाले तुम्हाला भिंतीला सरळ भोक पाडता येणार नाही. फक्त जागा ठरेना. ते म्हणतात मीटर रूमच्या भिंतीला लावू, वायर जवळ पडते.

वायर_आणि_वीज
त्या भिंतीला नको! पलीकडे मीटरच्या लोखंडी पेट्या असणार, सिग्नल मार खाईल. समोरच्या भिंतीला लावा, सहासात फुटांवर.

पूर्वेचा_पिंपळ
समोरच्या भिंतीला फळा आहे. फळ्याच्या वर जागा आहे थोडी, तिथे लावतो. खडूची धूळ चालेल का त्याला?

वायर_आणि_वीज
चालेल. आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा.